ताकद लावायची ती नेमकी कुठे?

वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि क्रीडा

ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पकडून, गळा आवळून किंवा सांधा ताणून हार मानायला लावण्याचा खेळ, शिकणाऱ्या वाचकांकडून आलेली तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. तिघांची वये, वजने आणि अडचणी वेगळ्या असल्या तरी ताकद आणि तंत्र यांचे नाते काय, हा एकच प्रश्न तिघांनीही आपापल्या बाजूने विचारला आहे.

प्रश्न : मी 34 वर्षांचा असून पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी करतो. माझे वजन 58 किलो आहे. गेले आठ महिने आठवड्यातून तीन दिवस मी जिउ-जित्सूच्या वर्गाला जातो. ‘तंत्र नीट असेल तर ताकदीची गरज नाही,’ असे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितले जाते आणि त्यावर विश्वास ठेवूनच मी हा खेळ निवडला. गेल्या महिन्यात 92 किलो वजनाचा, रोज जिममध्ये जाणारा एक तरुण वर्गात नव्याने आला. तिसऱ्याच दिवशी त्याने मला साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे माझ्या छातीवर आडवे पडून, पाच मिनिटांची अख्खी फेरी दाबून ठेवले. त्यात मला तंत्र कुठेच दिसले नाही, दिसले ते नुसते वजन आणि जोर. मग मी आठ महिने काय शिकलो? तंत्र बाजूला ठेवून आधी वजने उचलायला लागावे का? — एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमची निराशा मला चांगली समजते आणि तिच्यावर वरवरची समजूत घालणे मला योग्य वाटत नाही. ज्या अर्थाने ते वाक्य तुम्हाला सांगितले गेले, त्या अर्थाने ते खरे नाही. ते कुठून आले हे पाहिले, की त्यात खरे किती आणि उत्साहाच्या भरात वाढवलेले किती, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

जपानमधल्या कोदोकान या ज्युदो संस्थेत तयार झालेले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेले आणि पुढे बेलेम शहरात त्यांनी कार्लोस ग्रेसी या तरुणाला शिकवले. कार्लोस यांचे धाकटे बंधू एलिओ अंगाने किरकोळ होते. ज्या डावांना जोर लागतो ते डाव त्यांनी कोन बदलून, तरफेचा उपयोग करून, आपल्या शरीराला झेपतील असे बसवून घेतले, असे ग्रेसी घराण्यात सांगितले जाते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंना एकमेकांशी भिडवणारी, स्पर्धा झाली, तेव्हा एलिओंचे चिरंजीव रॉयस, वजन साधारण 80 किलो, एकाच संध्याकाळी तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून विजेते ठरले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी डॅन सेव्हर्न या 115 किलोंहून जड पैलवानाला सुमारे सोळा मिनिटांच्या झुंजीनंतर ट्रायँगल चोक लावला, म्हणजे स्वतः पाठीवर असताना त्याची मान आणि एक हात आपल्या पायांच्या कैचीत पकडला, आणि हार मानायला लावली. तुमच्या वर्गात सांगितले जाणारे वाक्य जगभर पोचले ते मुख्यतः या लढतींमुळे.

परंतु याच घराण्याच्या इतिहासात त्या वाक्याची दुसरी बाजूही आहे, आणि शिकवणाऱ्यांनी ती सांगायला हवी. ऑक्टोबर 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर एलिओंची गाठ मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूशी पडली. किमुरा वजनाने बरेच जास्त होते, ताकदीसाठी प्रसिद्ध होते आणि तंत्रातही एलिओंपेक्षा कमी नव्हते. दुसऱ्या फेरीत त्यांनी एलिओंचा हात पिळून मोडला. एलिओंनी शरणागती दिली नाही, शेवटी त्यांच्या बाजूच्या माणसांना टॉवेल टाकावा लागला. तुम्ही वर्गात ‘किमुरा’ नावाचा डाव शिकता त्याचे नाव या लढतीतून आले. पुढे 2006 मध्ये रॉयस यांची लढत मॅट ह्यूज यांच्याशी झाली. या वेळी दोघांची वजने जुळवलेली होती. ह्यूज कुस्तीत मुरलेले, अंगात रग असलेले, आणि मुख्य म्हणजे जिउ-जित्सूचे डाव ओळखणारे होते. लढत पहिल्याच फेरीत ह्यूज यांच्या बाजूने संपली. रॉयस यांचे वय तेव्हा 39 होते हे जमेस धरले, तरी मोठा फरक हाच की 1993 मध्ये समोरच्यांना जो खेळ ठाऊक नव्हता, तो 2006 पर्यंत सर्वांना ठाऊक झाला होता. मी तुम्हाला ते वाक्य असे दुरुस्त करून देईन : समोरच्याला खेळ माहीत नसेल तेव्हा तंत्र ताकदीला भारी पडते, त्याला तो जसजसा कळू लागतो तसतशी ही सवलत कमी होत जाते, आणि दोघांचे तंत्र सारखे असेल तर ताकद निकाल लावते.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांचे नियमही हेच सांगतात. प्रौढ पुरुषांसाठी तिथे नऊ वजनगट आहेत. सर्वांत हलका गट गी, म्हणजे या खेळाचा जाड पोशाख, घालून 57.5 किलोंपर्यंतचा आहे आणि सर्वांत जड गट 100.5 किलोंच्या पुढचा. तुम्ही गीसह 64 किलोंच्या गटात बसाल आणि तो तरुण 94.3 किलोंच्या गटात, म्हणजे तुमच्यापासून पाच गट पलीकडे. कोणत्याही वजनाचे खेळाडू उतरू शकतात तो खुला गट सोडला तर स्पर्धेत तुमची त्याच्याशी जोड लागलीच नसती. आपल्याकडे तालमीत वस्ताद जोड लावताना आधी दोघांचे अंग बघतो, त्यामागेही हाच विचार आहे. मार्सेलो गार्सिया यांच्यासारखा 77 किलोंच्या गटातला खेळाडू 2007 मध्ये एडीसीसी या गीशिवाय खेळल्या जाणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या खुल्या गटात अंतिम फेरीपर्यंत पोचला हे खरे आहे, पण तसे खेळाडू जगात मोजकेच असतात. आठ महिन्यांच्या विद्यार्थ्याने स्वतःला त्या मापाने मोजणे हा स्वतःवरच अन्याय आहे.

आता त्या पाच मिनिटांकडे येऊ, कारण तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल अशी गोष्ट तिथे आहे. तुम्ही लिहिलेले नाही, तरी माझा अंदाज असा की तुम्ही त्याच्या छातीला दोन्ही तळवे लावून त्याला वर ढकलत होता. खाली सापडलेला जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी हेच करतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातून रक्त नीट वाहत नाही, आणि अर्ध्या मिनिटात हात भरून येतात. हात भरले की कोपर अंगापासून सुटते, आणि सुटलेल्या कोपराखालच्या फटीत वरच्या माणसाचे वजन आणखी खोल उतरते. म्हणजे तुम्ही ताकद लावत होता, आणि तीही सर्वांत कमजोर जागी, दंडांत.

त्याऐवजी एका हाताचे मनगटाजवळचे हाड त्याच्या जबड्याखाली मानेला टेकवा, दुसऱ्या हाताचे हाड त्याच्या कमरेच्या हाडाला टेकवा आणि दोन्ही कोपरे आपल्या बरगड्यांजवळ ठेवा. याला फ्रेम म्हणतात. फ्रेम ढकलण्यासाठी नसते. जुन्या घराच्या आढ्याला खालून लावलेला खांब आढे उचलत नाही, नुसता तोलून धरतो, तशी तुमची हाडे त्याचे वजन तोलून धरतात आणि स्नायूंना विसावा मिळतो. मग वाट पाहा. वरचा माणूस पाच मिनिटे जराही न हलता पडून राहू शकत नाही. पकड बदलायला, गुडघा सरकवायला तो हलतोच. तेवढ्या क्षणात दोन्ही टाचा नितंबांजवळ ओढून कंबर जोराने वर मारा, म्हणजे ब्रिज करा, आणि त्याचे वजन हलके झाले की लगेच त्याच्याकडे तोंड करून कुशीवर वळा आणि कंबर त्याच्यापासून दूर, मागे सरकवा. तुमच्या नि त्याच्या मध्ये वीतभर जागा झाली की त्याच्या बाजूचा गुडघा तिथे आत घाला. गुडघा आत गेला की तुमची अर्धी सुटका झालेली असते. या साऱ्यात तुम्ही त्याला कुठेही हलवत नाही, स्वतः हलता. मात्र ब्रिज मारताना ताकद लावायची, आणि ती हातची राखून नाही. मांड्या आणि कंबर ही शरीरातली सर्वांत बलवान यंत्रणा आहे, आणि तंत्र म्हणजे अंगातली ताकद या यंत्रणेतून, योग्य क्षणी, योग्य दिशेने बाहेर काढण्याची रीत. ‘ताकद लावू नका’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाच्या मनात बहुधा हेच असते, फक्त वाक्य अर्धे सांगितले जाते.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे. पाच मिनिटांत त्याने तुम्हाला शरण आणल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तुमच्याहून 34 किलो जड माणूस वर असताना तुमचा गळा आणि हात शाबूत राहिले असतील, तर ती तुमच्या आठ महिन्यांची कमाई आहे. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही आपला हात स्वतःच त्याच्या डावात दिला असता.

वजने उचलण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : उचला, पण वर्गाचा एकही दिवस कमी न करता. आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप आणि रोइंग एवढे चार प्रकार, कुणा जाणकाराच्या नजरेखाली, हलक्या वजनापासून सुरू करा. जिमला जाणे शक्य नसेल तर जोर, बैठका आणि सपाटे यांनीही तुमच्या वजनाच्या माणसाला पुष्कळ फरक पडतो. वर्षभरात अंगावर तीन-चार किलो मांस चढले तर सांधेही अधिक सुरक्षित राहतील. आणि त्या तरुणाला टाळू नका. त्यालाच विनंती करा, की फेरी साइड कंट्रोलपासून सुरू करू, दोन-दोन मिनिटांच्या, आणि मी निसटलो की पुन्हा तिथूनच. असा सराव करायला तयार असलेला जड जोडीदार मिळणे हे भाग्याचे आहे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला, वय 26, वजन 88 किलो. दहा वर्षे तालमीत काढली. नोकरीनिमित्त मुंबईत आल्यावर जिउ-जित्सूचा वर्ग लावला. पाडापाडीत वर्गात मला कुणी भारी पडत नाही, पण पुढे घोटाळा होतो. मी खाली गेलो की पालथा होतो आणि पाठीवर चढून कुणीही माझा गळा आवळते. उलट मी वरून दाबले की सगळे म्हणतात, ‘ताकद लावू नकोस.’ ही ताकद मी घाम गाळून कमावली आहे. ती लावायची नाही तर तिचे करायचे काय? — एक पैलवान, सध्या मुंबई

उत्तर : पहिली गोष्ट, आपल्या ताकदीबद्दल मनात अपराधी भाव आणू नका. मीही तालमीतूनच या खेळात आलो, आणि पहाटे मातीत काढलेल्या त्या वर्षांनी मला दिलेला दम आजही माझ्या कामी येतो. कुस्ती म्हणजे नुसती ताकद, असे तुमच्या वर्गात कुणी म्हणत असेल तर त्याला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण करून द्या. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळवले ते 57 किलोंच्या गटात. त्यांची ओळख होती ती ढाक डावासाठी, आणि ढाक लागण्यासाठी आपली कंबर समोरच्याच्या किती आत गेली पाहिजे आणि पाय नेमका कुठे पडला पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तंत्र तुम्हाला परके नाही. तुम्ही फक्त वेगळ्या नियमांच्या घरात आला आहात.

पालथे होण्याचे कारण हेच आहे. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल झाला. म्हणून पाठ वाचवायची सवय दहा वर्षांत तुमच्या हाडामांसात भिनली आहे. जिउ-जित्सूत पाठ जमिनीवर आणि पाय समोरच्याच्या आडवे, ही लढण्याची जागा आहे; तिला गार्ड म्हणतात. समोरच्याला पाठ देणे ही मात्र सर्वांत वाईट अवस्था आहे. स्पर्धेतले गुणच पाहा : पाडल्याचे 2 आणि पाठीवर ताबा मिळवल्याचे 4. आणि पाठीमागून लावलेला गळा हा मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबतो. डोक्याकडे जाणारे रक्त अडले की काही सेकंदांत शुद्ध हरपते. मान कितीही कमावलेली असली तरी नीट बसलेल्या विळख्यात ती फार वेळ वाचवत नाही. यावर उपाय एकच : पुढचे तीन महिने प्रत्येक फेरी स्वतःहून खाली बसून, गार्डमधून सुरू करा. पाडण्याचा आनंद तेवढे दिवस सोडावा लागेल आणि सुरुवातीला हरणेही फार होईल. पण पाठीवर असताना घाबरून वळण्याची ती सवय दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सुटलेली मी पाहिलेली नाही.

आता ताकदीबद्दल. पहिल्या वर्षी मी 84 किलोंचा होतो आणि आर्मबार हा माझा आवडता डाव होता. समोरच्याचा हात दोन्ही मांड्यांमध्ये धरून, कंबर वर उचलून कोपर सरळ ताणायचे, असा तो डाव. नव्या मुलांचे हात मी धडाधड सोडवून सरळ करत असे आणि डाव मला येतो असे समजत असे. आमच्या वर्गात पर्पल बेल्ट, म्हणजे या खेळातला बराच वरचा पट्टा, मिळवलेल्या एक ताई होत्या, फार तर 55 किलोंच्या. त्यांना आर्मबार लावला की दर वेळी त्यांचे कोपर माझ्या मांड्यांतून खाली घसरायचे आणि त्या माझ्या वर येऊन बसायच्या. चौथ्या-पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही हात ओढताय. तुमची कंबर कुठे आहे ते बघा जरा.” मी पाहिले. माझी बैठक त्यांच्या खांद्यापासून वीतभर लांब होती आणि गुडघे उघडे होते. कोपराच्या मागे टेकू म्हणून माझी कंबर यायला हवी, तिथे हवा होती. टेकूच नाही तर तरफ कसली? मी नुसत्या दंडांच्या जोराने ओढत होतो. त्यांनी मला बैठक खांद्याला भिडवायला लावली, गुडघे आवळायला लावले, त्यांचा अंगठा छताकडे वळवून मनगट माझ्या छातीला चिकटवायला लावले आणि म्हणाल्या, आता फक्त कंबर वर करा. बोटभर कंबर वर झाली आणि त्यांनी लगेच टॅप केले, म्हणजे हाताने थोपटून हार कळवली.

म्हणजे वर्षभर मी एक चूक करत होतो आणि ती मला कळली नाही, कारण माझी ताकद ती भरून काढत होती. बारीक अंगाच्या विद्यार्थ्याला बैठक लांब राहिल्याची शिक्षा पहिल्याच दिवशी मिळते, डाव सुटतो आणि तो दुरुस्ती करतो. बलवान विद्यार्थ्याला ती शिक्षा मिळतच नाही. ती मिळते पुढे, त्याच्या तोडीचा माणूस भेटल्यावर, आणि तोपर्यंत चूक घट्ट बसलेली असते. तुमचे सोबती ‘ताकद लावू नकोस’ म्हणतात त्याचा अर्थ मी असा घेतो : शिकताना ताकद एवढीच ठेवा, की चूक झाली तर डाव फसेल.

याची एक साधी रीत सांगतो. तुमच्याहून हलक्या जोडीदाराशी खेळताना, जो डाव शेवटच्या झटक्यावर लागला तो लागलाच नाही असे स्वतःशी धरा, सोडून द्या आणि पुन्हा मांडा. तुमच्या अंगाच्या जोडीदाराशी मात्र मनमुराद जोर करा. नाहीतर जोरात तंत्र टिकते का, हे कळणारच नाही. आणि आर्मबार किंवा किमुरा लावताना शेवटचे अंतर नेहमी सावकाश कापा. तुमच्या एका हिसक्यात समोरच्याचे कोपर किंवा खांदा जायबंदी होऊ शकतो, आणि त्याला टॅप करायला वेळ मिळणे ही तुमची जबाबदारी आहे.

प्रश्न : माझे वय 43, वजन 52 किलो. वर्गात बहुतेक पुरुष आहेत. काही जण माझ्याशी खेळताना अंगात जीवच नसल्यासारखे वागतात, तर काही अचानक सगळा जोर लावतात. दोन्हींतून काही शिकल्यासारखे वाटत नाही आणि दुखापतीची भीती वाटते ती वेगळीच. मी जोडीदाराला नेमके काय सांगावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांना सांगा, ‘वजन पूर्ण द्या, वेग कमी ठेवा.’ एवढ्या पाच-सहा शब्दांनी पुष्कळ काम होते. माझ्या अनुभवात दुखापती दाबाने कमी आणि हिसक्याने जास्त होतात. वजन चोरणारा जोडीदार तुम्हाला खोटा आत्मविश्वास देतो, कारण प्रत्यक्षात जड माणूस अंगावर आला तर ते वजन कसे वाटते हे तुमच्या शरीराला ठाऊकच नसते. नवा डाव असेल तर पहिल्या दहा वेळा विरोध नको, पुढच्या दहा वेळा निम्मा विरोध, आणि मग दोन मिनिटे पूर्ण विरोध, असे आधी बोलून घ्या. न विचारता जोर लावणाऱ्याला ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे, त्याचे कारण देण्याची गरज नाही, आणि चांगले शिक्षक त्या नकाराच्या पाठीशी उभे राहतात.

टॅप करण्यात उशीर करू नका. कोपर सरळ झाले आणि समोरच्याची कंबर त्याच्या मागे आली, की दुखायची वाट न पाहता हार कळवा. पायाच्या पिळाच्या डावांत तर गुडघ्यातले बंध दुखू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून तिथे पिळाची सुरुवात जाणवताच थांबवा. जोडीदाराच्या अंगावर तळहात दोन-तीनदा स्पष्ट थोपटा. दोन्ही हात अडकले असतील तर पायाने मॅटवर थोपटा आणि तोंडाने मोठ्याने ‘टॅप’ म्हणा.